याडीच्या टीव्हीतली चपटी माणसं

बंद पडलेल्या वस्तूवर मी कधी चिडत नाही. बंद पडली म्हणजे तिनं खरं सांगितलं. खोला, दुरुस्त करा, नाही तर भंगारात द्या. मला चीड येते ती मधूनच बंद पडणाऱ्या वस्तूंची. घरच्या माणसासमोर बंद, पाहुण्यासमोर सुरू. मेकॅनिक आला की गरीब गायीसारखी वागते, त्याची गाडी वळणाआड गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशी वस्तू स्वतः साळसूद राहते आणि तक्रार करणाऱ्याला खोटं पाडते.

याडीच्या टीव्हीनं तिला अडीच महिने खोटं पाडलं. याडी म्हणजे आमची आई. आम्ही बंजारा, घरात गोरबोली बोलतो, पण ती इथं लिहिली तर निम्म्या वाचणाऱ्यांना कळायची नाही, म्हणून बोलणं वऱ्हाडीत लिहिते. तीही आम्हाला घरचीच. दिग्रसपासून मोटरसायकलनं अर्ध्या तासावर आमचा तांडा. वडील गेल्यापासून याडी तिथं एकटी राहते. दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे, पुढच्या खोलीत भिंतीला लागून लोखंडी स्टँड आणि त्यावर तो टीव्ही. एकवीस इंची, रंगीत, मागं भलंमोठं कुबड. भावानं दोनदा नवा आणून देतो म्हटलं. दोन्ही वेळा याडीनं विचारलं, "हा चालून राह्यला न? मंग?"

होळी झाली, पत्रे तापायला लागले आणि तो चालेनासा झाला. म्हणजे दुपारचा. दुपारी एक ते तीन याडी चिंचा फोडत बसते आणि आदल्या रात्रीच्या मालिका पुन्हा लागतात त्या पाहते. त्याच वेळात हे व्हायचं. तिनं सांगितलं ते असं: "मानसं चपटे होऊन जाते. आवाज येते, मानूस दिसत नाई. मधात एक आडवी रेघ रायते फक्त."

संध्याकाळी शेजारच्या बाया टेकायला यायच्या तेव्हा टीव्ही ठणठणीत. भाऊ दिग्रसला राहतो, तिथं त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद असतं म्हणून तो जेवायला तांड्यावर येतो, ऐन दुपारी. तेव्हाही ठणठणीत. एकदा त्यानं दिग्रसहून एका मेकॅनिकला आणलं. तो तासभर खुर्चीत बसला, चहा प्यायला, सगळी चॅनेल फिरवली आणि म्हणाला, "माजी, टीव्ही एकदम फिट हाय. तुमच्या हातून रिमोटचं बटन दबत असन." त्याची गाडी गेली आणि अर्ध्या तासानं माणसं पुन्हा चपटी झाली. याडीनं भावाला फोन केला. भावानं डोक्याला हात लावला.

झालं. याडीच्या त्या एका वाक्याला पाय फुटले आणि ते तांडाभर फिरलं. बुढीले मानसं चपटे दिसते. रेघेचं कुणी बोललं नाही, टीव्हीचंही नाव हळूहळू गळालं आणि उरलं ते एवढंच, की हिला माणसं चपटी दिसतात. वहिनी हसली. वहिनीच्या माहेरचे हसले. शेजारणीनं लिंबाचा उतारा टाकायला सांगितला. आणखी कुणीतरी म्हणालं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. सल्ला देणारे पायलीचे पन्नास.

डॉक्टरनं तिला तारीख विचारली. याडी म्हणाली, अमावस्येला चार दिवस आहेत. वार विचारला. ती म्हणाली, बजाराचा दुसरा दिवस. दोन्ही उत्तरं बरोबर होती. पण त्या शहाण्याला कॅलेंडरावरचा आकडा हवा होता. त्यानं गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी याडीला दिवसा पेंग यायला लागली. पेंग आली आणि दूध उतू गेलं. दूध उतू गेलं म्हणून भावानं गॅसचं बटण, म्हणजे ते सिलिंडरवरचं रेग्युलेटर, काढून सोबत नेलं आणि शेजारणीकडून डबा लावून दिला. आयुष्यभर जिनं दहा माणसांचं रांधलं ती दुसऱ्याच्या घरच्या भाकरी कशाला खाईल? तिनं अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली. मग भाऊ मला फोनवर म्हणाला, "पाह्य बाई, आता भर उन्हात चूल पेटवून राह्यली. हे काय शुद्धीतल्या मानसाचं काम हाय?"

असं एकात एक अडकत गेलं आणि शेवटी ठरलं की घराला कुलूप लावायचं आणि याडीला दिग्रसला न्यायचं. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता. मला त्यानं सांगितलं, "तू आठ दिवस आधी ये. तिले समजाव. माह्यं आयकत नाई ते."

मी नागपूरला विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. दिवसभर भिंगाखाली डाग तपासते, म्हणजे जिथं शिशाच्या टाक्यानं तार पट्टीला जोडतात ती जागा. त्याआधी मी आयटीआयला टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला. वर्गात मुलगी मी एकटीच. ही माहिती मी मिरवायला देत नाही. उलट लाज वाटते म्हणून देते. ती का, ते पुढं कळेल.

आठ दिवसांची रजा कोण देतं? मी बुधवारी पोचले. उन्हानं डोकं भणभणत होतं. याडीनं मला पाहिलं, पाण्याचा लोटा हातात दिला आणि दुसऱ्या हातानं बादली उचलून कूलरमध्ये पाणी ओतायला लागली. आमचा कूलर म्हणजे खिडकीत ठेवलेला पत्र्याचा खोका, तीन बाजूंना वाळलेलं गवत. त्याचं तोंड पाहुण्याच्या खुर्चीकडे. खुर्चीच्या मागं टीव्ही. उन्हाळ्यात तांड्यावर एक दिवसाआड टँकर येतो, त्यामुळे कूलर हा फक्त आल्यागेल्यासाठी. एकटी असताना याडी तो लावत नाही. "एका मानसासाठी कायले पानी नासवाचं?" असं तिचं म्हणणं.

दुपारी मी मुद्दाम टीव्हीसमोर बसले. एक ते तीन. चित्र आरशासारखं. याडी चिंचा फोडता फोडता दर पाच मिनिटांनी वर बघायची. तीन वाजता म्हणाली, "आज नाई झालं." गुरुवारी पुन्हा तेच. "आजबी नाई झालं." मला तिची दया आली. आज त्या दयेचाच जास्त राग येतो. दया करणाऱ्याला वाटतं की आपण किती मऊ. समोरच्याचं म्हणणं आपण कधीच निकालात काढलंय, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

मग मी तिला समजावायला लागले. लहान पोराला सुई टोचायच्या आधी बोलतात तशा आवाजात. तिथं नळ आहे, दवाखाना जवळ आहे, नातवंडं आहेत. ती म्हणाली, "तथी दोन खोल्यात दिवसभर मी काय करू? कोनाच्या दारात बसू? अथी माह्या कोंबड्या हाय, बाया येते. मी येत नाई." मी पुन्हा नळापासून सुरुवात केली. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातली चिंच पाटीत टाकली आणि विचारलं, "खरं सांग. मी पागल झाली काय व?"

"नाही गं," मी म्हटलं. आणि तिच्याकडे न बघता म्हटलं.

शुक्रवारी टँकर आला नाही. का नाही ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ग्रामपंचायतीत फोन उचलायला कुणी नव्हतं. ड्रममध्ये तळाशी पिण्यापुरतं पाणी. याडीनं कूलरच्या टाकीत बोट घालून पाहिलं, कोरडी. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू त घरचीच हाय." तीन दिवसांत मी पाहुणीची घरची झाले होते. कूलर बंद राहिला.

सव्वा वाजेपर्यंत खोलीची भट्टी झाली. पत्रे तडतडत होते. टीव्हीवर एक सून सासूला काहीतरी ठणकावून सांगत होती. आणि मी बघता बघता त्या सुनेचे पाय वर सरकले. मग गुडघे. मग चित्र वरून आणि खालून असं दाबलं जायला लागलं, की सासू, सून, सोफा, जिना सगळं एका चपट्या पट्टीत आलं. मग पट्टीची रेघ झाली. काळ्या काचेवर एक पांढरी आडवी रेघ. सुनेचा आवाज मात्र खणखणीत.

याडीनं वर पाहिलं. चिंचोका काढला, बाजूला टाकला, दुसरी चिंच घेतली.

"याडी, हे..."

"हव," ती म्हणाली. "हेच."

त्या क्षणी मला एवढा राग आला की कान गरम झाले. चित्राची आडवी रेघ होणं हा टीव्ही दुरुस्तीतला पहिला धडा आहे. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. चित्राला वरून खाली ताणून धरणारा भाग काम करत नाही म्हणून ते मिटतं, हे तो सांगेल. आणि ते गरम झाल्यावरच होत असेल तर डाग सुटलाय, हेही सांगेल. हे आजाराचं लक्षण होतं, पण टीव्हीच्या. मी मनात भावाला शिव्या घातल्या. याडी रेघेचं सांगत होती, यानं मला फोनवर नुसतं 'माणसं चपटी' म्हटलं. रेघ म्हटलं असतं तर मी नागपूरहून फोनवर दुरुस्त केलं असतं. असं मी स्वतःला बजावलं आणि ते मला पटलंही.

आतल्या खोलीत माळ्यावर माझी आयटीआयच्या वेळची पत्र्याची पेटी होती. डाग द्यायचा काविया, शिसं, पेचकस, सगळं तसंच, फक्त झुरळांनी घर केलेलं. टीव्ही बंद केला, वायर काढली आणि अर्धा तास थांबले. या जुन्या टीव्हींच्या पोटात वायर काढल्यावरही झटका शिल्लक असतो. मग मागचं कुबड उतरवलं. आत धूळ, जाळी आणि चिमणीनं कधी काळी आणलेल्या चार काड्या. याडी म्हणाली, "अव माय, एवढा मयला होता?" जणू तिच्याच घरकामात खोट निघाली.

पेचकसाच्या लाकडी मुठीनं हळूहळू ठोकत जायचं आणि कुठं ठोकल्यावर चित्र हलतं ते बघायचं, ही आमच्या मास्तरांची रीत. त्यासाठी टीव्ही चालू असावा लागतो, म्हणून ठोकणारा हात एकच. दुसरा पाठीमागे धरायचा. चालू केला, रेघ येईपर्यंत थांबले, एक हात पाठीमागे धरला, ठोकत गेले. चित्राला ताणून धरणारा भाग म्हणजे एक काळी टिचभर चकती, तिला मागं ॲल्युमिनियमची पट्टी. तिच्या कडेला टकटक केलं आणि रेघ फाकली, पुन्हा मिटली. पुन्हा टकटक, पुन्हा फाकली. बॅटरी मारून पाहिलं. चकतीच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर. पाय आणि शिसं यांच्यात फट पडली होती. पाय तापला की फट उघडायची, थंड झाला की मिटायची. एवढंच. एका थेंबाचं काम.

मी काविया तापायला लावला आणि मग हात थांबला. हे आत्ता दुरुस्त केलं तर भावाला दाखवणार काय? तो म्हणेल, बाई पण आईचीच बाजू घेते. त्याला डोळ्यांनी रेघ दिसायला हवी. पण इतक्या रविवारी त्याला ती दिसली नव्हती. मला दोन दिवस दिसली नाही. मेकॅनिकला नाही. मी खाली बसून विचार केला, आणि विचार करता करता नजर कूलरच्या तोंडाकडे गेली. तिथून खुर्चीकडे. खुर्चीमागच्या टीव्हीकडे.

"याडी, मेकॅनिक आला तेव्हा कूलर लावला होता?"

"लावन नाई त काय? उन्हात आलता थो."

"आणि भाऊ येतो तेव्हा?"

"त्याले त घाम सहनच नाई होत."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मी भिंतीवर हात आपटला. ज्यांनी ज्यांनी म्हणून तिचं खरंखोटं करायला त्या खोलीत पाय ठेवला, त्या प्रत्येकाला तिनं स्वतःच्या वाटचं पाणी ओतून गार वारा दिला, आणि तो वारा थेट त्या तापलेल्या पायावर जात होता. पाहुणचारानंच तिचा घात केला. आणि पाहुणचार खाणारे एकजात तिला वेडी ठरवून उठले.

मी काविया बंद केला, डाग तसाच ठेवून कुबड पुन्हा बसवलं आणि तिला सगळं समजावून सांगितलं. तिला लगेच कळलं. चुलीवरचं झाकण तापलं की बसत नाही, तसंच ना, म्हणाली. मी म्हटलं, तसंच. मग मी म्हटलं, "रविवारी भाऊ आला की कूलर लावायचा नाही. रेघ आली की त्याला दाखवायची. मग तुला कुणी नेत नाही."

तिचा चेहरा पडला. "उन्हातून येनार लेकरू, अन् कूलर नाई लावाचा?"

"एक दिवस!"

"घरी आलेल्या मानसाले गरमीत बसवाचं? असं कोनी करते काय?"

"मग जा दिग्रसला! बस तिथं दोन खोल्यांत!" मी ओरडले. माझ्या आईवर, तिच्याच घरात. ती एवढंच म्हणाली, "पाहू."

शनिवारी टँकर आला. याडीनं ड्रम भरायच्या आधी कूलर भरला. मी पाहत होते.

रविवारी साडेबाराला टेम्पो आला. ड्रायव्हर निंबाच्या सावलीत गमछा टाकून आडवा झाला. भाऊ आत आला, खुर्चीत बसला, रुमालानं मान पुसली. त्याच्या तोंडावरही काही आनंद नव्हता, पण मला तेव्हा ते दिसत नव्हतं. बांधायच्या सामानावर नजर फिरवत त्यानं विचारलं, "समजावलं काय?" मी म्हटलं, "आधी टीव्ही बघ." याडीनं टीव्ही लावला आणि त्याच हातानं कूलरचं बटण दाबलं.

मी उठून कूलरची वायर काढली. तिनं पुन्हा लावली. मी पुन्हा काढली. "डोये पाह्य त्याचे, कसे लाल झाले," ती म्हणाली आणि वायर माझ्या हातातून ओढायला लागली. भाऊ म्हणाला, "काय तमाशा लावला दोघींनी?" शेवटी मी पाटीतला चिंचेचा विळा उचलला आणि हातातल्या वायरीची पिनच छाटून टाकली. वायरीला जिवापाड जपायचं, हे शिकवून ज्यांनी मला नोकरीला लावलं त्यांनी ते पाहिलं असतं तर मला कामावरून काढलं असतं.

"आता बस," मी भावाला म्हटलं. "उठायचं नाही. तासभर तिच्या घरात तिच्यासारखा बस."

तो बसला. थोरल्या बहिणीच्या हातात विळा असल्यावर कोण उठणार? एक वाजला. पत्रे तडतडायला लागले. त्याचा सदरा पाठीला चिकटला. कानशिलावरून घाम ओघळायला लागला. आणि आमची याडी? तिनं सूप आणलं आणि त्याच्याजवळ उभी राहून वारा घालायला लागली. जिच्यासाठी हा सगळा आटापिटा, ती ज्यानं तिला घरातून उचलून न्यायला टेम्पो आणला त्याला सुपानं वारा घालत होती, आणि जरासा वारा टीव्हीलाही जात होता. मी दात ओठ खात बसले.

पावणेदोनला एका पोलिसाचे बूट वर सरकले. मग पट्टा. मग सगळी चौकीच चपटी झाली. शेवटी रेघ.

भाऊ उठला. टीव्हीपाशी गेला, वाकून पाहिलं, डब्यावर थाप मारली. चित्र फाकलं, पुन्हा मिटलं. त्यानं याडीकडे पाहिलं. "हे असंच होते काय?"

"हव."

त्यानं रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "मंग नीट सांगाचं ना याडी, पयलेच."

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आठवतं ते एवढं, की नीट म्हणजे कसं, हे मी त्याला विचारलं. तिनं रेघ म्हटलं, आडवी म्हटलं, आवाज येतो म्हटलं, दुपारी होतं म्हटलं. आणखी काय, कागदावर काढून द्यायला हवं होतं? तू तिला गोळ्या चारल्यास. तिचा गॅस काढून नेलास. तिला वेडी ठरवलंस, बायकोच्या माहेरी तिचा तमाशा केलास. एकदा, एकदा तरी कूलर न लावता तिच्याजवळ दुपारभर बसला असतास. आईचं म्हणणं खरं असू शकतं, एवढं तरी एखाद्याच्या मनात यायला हवं होतं की नाही? तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता. मी थांबले नाही.

याडीनं सूप खाली ठेवलं.

"त्याच्यावर काहून चिल्लावून राह्यली व?" ती म्हणाली. "माह्यं आयकूनच त त्यानं मेकॅनिक आनला होता. अन् मेकॅनिक गेल्यावरबी म्हने, दुसऱ्याले आनतो. मंग तुहा फोन आला. डोक्याच्या डॉक्टरले दाखव म्हून तूच सांगतलं त्याले. थो अथीच बसला होता, या खुर्चीवर. फोनचा आवाज मोठा होता. म्या आयकलं."

मी म्हटलं, "मी? कधी?"

"चैतात. अन् त्याच दिवशी, तुह्या फोनच्या आंधी, रेघीचं म्या तुले सांगतलं होतं. तू त शिकली हाय त्यातलं, म्हून. तू म्हनलं, याडी, मी जेवून राह्यली, मंग फोन करतो."

तिनं सांगितलं आणि ते तसंच्या तसं समोर आलं. कारखान्यातली रविवारची पाळी, जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची. डावा हात फोनला, उजव्या हातात पोळी. याडी सांगत होती, मानसं चपटे होऊन जाते, मधात आडवी रेघ रायते. आडवी रेघ. हे तिनं मला म्हटलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही, मला, आणि मी समोरच्या बाईकडे बघून हसले होते. मग हात धुतले आणि भावाला फोन लावला: आईचं काही खरं दिसत नाही, डोक्याच्या डॉक्टरला दाखव. डबा घासायच्या आत काम उरकलं होतं. आणि नंतर मी ते सोयीनं विसरले, इतकं सोयीनं की तेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी घालून मी इतरांवर चिडत राहिले.

मी भावाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला सगळं आठवत होतं. मी इतका वेळ त्याला इतकं बोलत होते, तरी त्यानं ते तोंडातून काढलं नव्हतं.

"गॅसचं बटन टेम्पोतच हाय," तो याडीला म्हणाला. "आनून देतो." आणि तो बाहेर गेला. ड्रायव्हरला उठवून टेम्पो वळवायला सांगताना त्याचा आवाज आला.

खोलीत आम्ही दोघी उरलो. माझ्या हातात अजून विळा होता. मी तो ठेवला. तिनं हे सगळं ऐकलं होतं, चैत्रात, माझ्याच आवाजात. आणि तरी बुधवारी मी दारात दिसल्यावर बादली उचलून कूलरमध्ये पाणी ओतलं होतं. मला वाटलं तिनं आता ओरडावं. मी भावाला बोलले त्याच्या निम्मं तरी मला बोलावं. मी तिला तसं म्हटलंही. म्हटलं, "याडी, माझ्यावर चीड ना. चीड ना गं एकदा."

"कायले?" ती म्हणाली, आणि भावाला बाहेर पाणी न्यायला उठली.